चहाच्या आधीची रेघ

पेंटर : अगं अगं अगं! खालून वर कुठे ओढतेस? कुणी शिकवलं तुला हे?

बायको : कुणी नाही. मला जमते तशी ओढते. तुम्ही आपला पेपर वाचा.

पेंटर : कसला वाचतोय! डोळ्यांसमोर रोज सकाळी हा छळ. ब्रश असा धरलायस, जसं काही आता भाजी ढवळणार आहेस त्याने.

बायको : मग तोंड तिकडे करा. दगडी पाटी आहे, साधं पाणी आहे, घटकाभरात सुकतं. कुणाचं काय बिघडलं?

पेंटर : माझं डोकं बिघडतं! जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले मी. रेघ वरून खाली यायला हवी, श्वास सोडत सोडत. मनगट हलवायचं नाही, अख्खा हात खाली आला पाहिजे.

बायको : असा?

पेंटर : असा नाही गं बाई! काय म्हणावं तुला... आण इकडे.

बायको : घ्या.

(पेंटर पाटीवर रेघ ओढतो.)

पेंटर : बघितलंस?

बायको : बघितलं.

पेंटर : कशी थरथरली. म्हणून म्हणत होतो, नको. झटका आला तेव्हाच गेला हा हात. घास तोंडापर्यंत जातो, एवढं पुष्कळ झालं. उचल ती पाटी.

बायको : सुकू तर द्या तिला. अहो, लग्नानंतरची पहिली सकाळ आठवते? मी चहा घेऊन आले, तर तुम्ही पाटीसमोर. मान वर न करता म्हणालात, थांब, रेघ व्हायचीय. मला वाटलं, कुठल्या येड्याच्या गळ्यात बांधलं मला!

पेंटर : गार झाला होता तो चहा.

बायको : रोजच व्हायचा! एकदा विचारलं, एवढं नाव आहे तुमचं, मग हे पोरासोरांसारखं गिरवणं कशाला? तर म्हणालात, कालची रेघ काल सुकली. आज हात कसा आहे, मन कुठे आहे, ते आजच्या रेघेलाच विचारावं लागतं.

पेंटर : तरुण होतो. बोलायचो काहीबाही.

बायको : काहीबाही नाही. रेघ झाली की दिवसभर माणसासारखे वागायचात. बंद केलीत तेव्हापासून पंखा जोरात लावला तरी माझ्या अंगावर येता.

पेंटर : येतो खरा.

बायको : मग सांगा, आज हात कसा आहे?

पेंटर : वर बरा आहे. मधे घसरलाय. खाली... खाली परत सावरलाय.

बायको : सावरलाय ना? झालं तर मग.

पेंटर : मला कळतं हं सगळं. तुझा डोळा लेकीच्या बोर्डावर आहे.

बायको : आहेच. दवाखाना सुरू झाला, रोगी यायला लागले, आणि दारावर कोरी फळी! छापून घे म्हटलं, तर म्हणते, बाबा लिहितील तेव्हा लिहितील. तोवर लोक विचारत विचारत येतील.

पेंटर : हट्टी आहे. तुझ्यावर गेलीय. अगं, ती लोकांचे वाकडे दात सरळ करणार आणि वर बापाची वाकडी अक्षरं?

बायको : तर काय! खालूनच कळेल लोकांना, डॉक्टरीणबाईंची किती गरज आहे ते.

पेंटर : हसू नकोस. हात हलतो मग माझा.

बायको : म्हणजे अजून एक ओढणार?

पेंटर : ब्रश दे. आणि हे बघ, तुझं ते नाटक आता पुरे.

बायको : कसलं नाटक?

पेंटर : खालून वर रेघ! उभा जन्म माझ्याशेजारी काढलास तू. रेघ कुठून सुरू होते हे तुला ठाऊक नाही, हे मी मानू?

बायको : अगोबाई! कधी कळलं?

पेंटर : पहिल्याच दिवशी. रेघ काढलीस अडाण्यासारखी, पण नंतर ब्रश धुतलास, बोटांनी केस जुळवलेस, आणि टोक वर करून ठेवलास. माझे ब्रश तुझ्याशिवाय असे कुणी ठेवलेत?

बायको : मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी आपली थंडीत पाण्यात हात घालून बसतेय!

पेंटर : बोललो असतो तर थांबली असतीस. पडल्या पडल्या ऐकायचो, तू उठलीस, पाटी ओढलीस. वाटायचं, मी सोडलं तरी हिने काही मला सोडलं नाही. फार बरं वाटायचं गं. किती, ते सांगता नाही यायचं.

बायको : पुरे. माझ्याकडे नका बघू, पाटीकडे बघा.

पेंटर : बघतो. ही आली बघ, मघापेक्षा बरी.

बायको : चहा ठेवू आता?

पेंटर : ठेव. आणि उद्या तू झोप. उद्या मी उठतो.