सरळ चेंडूसाठी तिरकी पट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेसबॉल मंडळाचे प्रमुख श्री. नॉर्बर्ट हेमेश, ज्यांच्या चर्चच्या तळघरात आपण बसलो आहोत ते फादर ओबिन्ना, ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते सत्कारमूर्ती श्री. लिअँडर ब्रिंकमन, त्यांच्या पत्नी आर्डिस, मिलर्स संघाचे आजी-माजी खेळाडू, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकणाऱ्या भगिनी, आणि मागच्या रांगांत दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे. पुढच्या रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्या आहेत. त्या खुर्च्यांनाही माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा दोन अटी घातल्या : थोडक्यात बोलायचं आणि चांगलं बोलायचं. मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे चांगलं बोलायचं ते खरं असावं का, या प्रश्नानं मी आठवडाभर अस्वस्थ आहे. तिसरी अट त्यांनी घातली नाही, पण गाडी सुरू केल्यावर काच खाली करून म्हणाले, "मास्तर, यंदा किती बॅटर फुकट चालत गेले, ते नको काढूस."

ते मी काढत नाही. फादर यंदाच नायजेरियाहून आमच्या गावात आले आहेत आणि त्यांचं मन फुटबॉलमध्ये आहे, म्हणून फक्त त्यांच्यासाठी नियम सांगतो. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, चेंडू बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या प्लेटवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात टाकायचा. चार चेंडू त्या पट्ट्याबाहेर गेले की बॅटर काहीही न करता पहिल्या बेसवर चालत जातो. यंदा आपल्या मैदानावर पाहुण्यांनी इतकी पायपीट केली आहे की त्यांच्या डॉक्टरांनी आपल्याला आभाराचं पत्र पाठवायला हवं. उजव्या हाताचे जे बॅटर चालत गेले नाहीत, ते चेंडू लागून बरगडी धरून गेले.

तर लिअँडर. या माणसानं पिचरांना शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पुढे मी संघाचा कॅचर झालो, म्हणजे प्लेटमागे उकिडवा बसून त्यांच्या शिष्यांचे चेंडू अंगावर घेऊ लागलो. त्यांची विद्या मी अशी समोरून पाहिली आहे, आणि माझे गुडघे त्याची साक्ष देतील.

काय होती ही विद्या? लिअँडर कधी हाताकडे बघायचेच नाहीत. नवा पिचर यायचा, दंड फुगवून दाखवायचा. लिअँडर म्हणायचे, "तो झाक. पाय दाखव." माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, रोवलेल्या रबराच्या पांढऱ्या पट्टीला मागचा पाय लावून उभं राहायचं. गुडघा उचलायचा आणि तिथे थांबायचं, तोल गेला तर पुन्हा पहिल्यापासून. मग पुढचा पाय प्लेटच्या दिशेनं, सरळ रेषेत टाकायचा. आधी कंबर वळली पाहिजे, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी, पाहुण्यासारखा. डोकं हलता कामा नये. ग्लोव्हचा हात छातीशी घट्ट, दार उघडं टाकल्यासारखा बाजूला भिरकावायचा नाही. आणि हे सगळं चेंडूशिवाय. चेंडूच्या जागी आर्डिसच्या स्वयंपाकघरातलं भांडी पुसायचं फडकं. ते बोटांत धरून फेकीची पूर्ण क्रिया करायची आणि समोर धरलेल्या ग्लोव्हवर फटका मारायचा. पाय तिरका पडला की फडकं ग्लोव्हपर्यंत पोचत नाही. इतकं साधं. आर्डिस, तुमच्या घरी भांडी कशानं पुसतात हा प्रश्न गावानं तुम्हाला कधीच विचारला नाही, याबद्दल मी गावातर्फे दिलगीर आहे.

(आर्डिस खुर्चीतून : "त्याच्याच शर्टानं!")

ऐकलंत? सभ्य गृहस्थांनो, यालाच संसार म्हणतात.

आता प्रश्न असा, की पायावर इतकी भक्ती असणाऱ्या गुरूचे शिष्य चेंडू बाहेर का टाकतात? मंडळालाही हा प्रश्न पडला. आणि प्रश्न पडला की आपल्यासारखी शहाणी माणसं जे करतात तेच मंडळानं केलं. शहरातून तज्ज्ञ बोलावला. तो कॅमेरे घेऊन आला. त्यानं आपल्या पिचरांच्या सांध्यांवर चकाकते गोळे चिकटवले. कोल्टन वेबर तसाच धारा काढायला घरी गेला, तर गाई गोठ्यात शिरेनात.

(कोल्टन मागून : "एकच गाय, मास्तर! बाकीच्या तिच्यामुळे थांबल्या होत्या!")

दुरुस्ती मान्य. एक गाय. तज्ज्ञानं सगळ्या चित्रफिती पाहिल्या आणि निदान केलं, की या संघाचा प्रत्येक पिचर पुढचा पाय सरळ न टाकता उजवीकडे ओढतो आणि स्वतःच्याच अंगावरून आडवा फेकतो. सगळ्यांना एकच खोड आहे, अर्थात ती एकाच शिक्षकाकडून आलेली आहे. आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, तज्ज्ञाच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. पाय उजवीकडेच पडत होते.

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत असं ठरलं, की लिअँडर यांना आता आराम मिळावा. ठराव किती प्रेमळ! लिअँडर यांनी आराम मागितल्याचं कोणालाच आठवत नाही, पण आपल्याकडे माणसाला काढून टाकत नाहीत, त्याला हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला मांस-भाजीचा पदार्थ, खाऊ घालतात. शेजारच्या टेबलावर सात घरची सात हॉटडिश आहेत. प्रत्येकावर बटाट्याच्या गोळ्यांचा थर आहे. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

ठराव झाल्यावर मी लिअँडर यांच्या गाडीत बसून माशांचं आमिष आणायला गेलो होतो. माझ्या मनात एकच गोष्ट कुरतडत होती, ती मी विचारली.

म्हटलं, "फडकं हातात असतं तेव्हा तुम्ही सांगता पाय सरळ. मग सरावाच्या माउंडवर सगळ्यांना उजवीकडे टाका असं का सांगता? मी स्वतः ऐकलंय."

ते म्हणाले, "तिथे तसाच टाकावा लागतो."

"का?"

"तिथली पट्टी डावीकडे वळलेली आहे. तिला पाय लावून सरळ गेलास तर चेंडू मक्यात."

"मग खेळाच्या मैदानावर? तिथली पट्टी तर सरळ आहे!"

"हं," लिअँडर म्हणाले. "तिथे जरा घोटाळा होतो."

"अहो, मग नॉर्बर्टना सांगा ना!"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. म्हणाले, "त्याच्या वडलांच्या नावाचा माउंड आहे तो. हंगाम चालू असताना असं कसं सांगणार?"

"आणि हंगाम संपल्यावर?"

"तेव्हा बर्फ असतं."

अध्यक्ष महाराज, मला ठाऊक आहे तुम्ही माझ्याकडे का बघताय. मी थोडक्यात आणि चांगलं बोलायला उभा राहिलो होतो. आणि खरं सांगतो, हे बोलायचा अधिकार मला आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. लिअँडर यांनी 'कोणाला सांगू नकोस' म्हटलं नव्हतं. पण आपल्या गावात ते म्हणावं लागत नाही. शिवाय त्यांच्या शब्दावर मी नुसता विश्वास ठेवला नाही. भरदुपारी जाऊन प्लेटच्या मधोमध खुंटी ठोकली, माउंडपर्यंत दोरी ताणली. पट्टी वळलेली आहे. आणि वळण लपून राहावं इतकं थोडं, पण तज्ज्ञाचं निदान खरं ठरावं इतकं पुरेसं. पुढच्या आठवड्यात तो आपले कॅमेरे कायमचे लावणार आहे. कुठे? त्याच माउंडवर.

तो माउंड कसा झाला, हे फादरांना सांगतो. नॉर्बर्ट यांचे वडील अल्फन्स गेल्या हिवाळ्यात वारले. बर्फ वितळल्यावर नॉर्बर्ट यांनी कोणाची मदत न घेता, एकट्यानं, या चर्चच्या मागे मैदानाच्या कुंपणाजवळ तो सरावाचा माउंड रचला. माती स्वतः वाहिली, पट्टी स्वतः बसवली, वडलांच्या नावाची पाटी लावली. गावानं टोप्या काढल्या. लिअँडर यांना पहिला चेंडू टाकायला बोलावलं. ते पट्टीवर उभे राहिले, प्लेटकडे बघितलं, पायाकडे बघितलं, पुन्हा प्लेटकडे. मग म्हणाले, "हं. वेगळं आहे."

फादर, आमच्याकडे एखादी गोष्ट फार आवडली तर आम्ही 'वाईट नाही' म्हणतो. अजिबात पटली नाही तर 'वेगळं आहे' म्हणतो. याहून कडक शब्द या जिल्ह्यात नाही. तुमच्या पहिल्या प्रवचनानंतर दारात काय काय ऐकलंत, ते कृपया मनातच ठेवा. तर सगळ्या गावासमोर इतका जहाल निषेध आमच्याकडे कधी झाला नव्हता. आणि नॉर्बर्ट यांनी काय केलं? लिअँडरना मिठी मारली. मिठी! लिअँडर विजेच्या खांबासारखे उभे राहिले. आता वडील नुकतेच गेलेला माणूस गळ्यात पडल्या पडल्या त्याला 'पट्टी वाकडी आहे' असं कोण म्हणेल? लिअँडर यांनी पट्टी तशीच राहू दिली आणि संघाचे पाय वाकडे केले.

आज हॉटडिश खाऊन लिअँडर घरी गेले, तर या गावात त्यांच्या नावामागे एवढंच उरेल, की माणूस भला होता, पण त्याला सरळ चेंडू शिकवता आला नाही. ते स्वतः काही बोलणार नाहीत. म्हणून...

(येथे अध्यक्ष उभे राहिले. पुढचं बोलणं जसं झालं तसं.)

"कुठल्या बाजूला?" नॉर्बर्ट यांनी विचारलं.

लिअँडर कॉफीचा कप बाजूला सारत म्हणाले, "डावीकडे. थोडीशी. पाऊस असेल तर कळतही नाही."

"कोच, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो होतो ना. वेगळं आहे म्हणालो होतो."

"मला वाटलं... मला वाटलं, वेगळं म्हणजे खास!"

"नॉर्ब, मी कधी कशाला खास म्हटलंय?"

"नाही म्हटलं," नॉर्बर्ट खाली बसत म्हणाले. "मी एक सामना एकट्यानं जिंकून दिला तेव्हाही 'टोपी नीट घाल' म्हणाला होतात." मग त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. "बाबांना वाकडं काम खपायचं नाही. माझ्या शेडचं दार त्यांनी तीनदा उतरवलं होतं."

"मला माहीत आहे," लिअँडर म्हणाले. "ते दार मीच धरून उभा होतो."

"ठराव मीच मांडला होता."

"ऐकलं."

"तुम्हाला त्या बैठकीत बोलावलं असतं तरी गप्पच बसला असता ना? आणि इथेही?"

"कॉफी चांगली आहे इथली," लिअँडर म्हणाले.

"कोच, माझी फावडी गाडीतच आहेत. पण आता ही सगळी माणसं..."

"माणसं काय, खातील," असं म्हणून लिअँडर उठले.

सज्जनहो, तुम्ही पाहिलंतच. सत्कारमूर्ती मागच्या दारानं गेले, पाठोपाठ अध्यक्ष गेले, आणि अध्यक्षांमागून कोल्टन गेला, म्हणजे आता व्यासपीठावर फादर आणि मी असे दोघेच उरलो आहोत. निरोपाचं भाषण मी पुढे चालू ठेवावं की नाही, याबद्दल संघाच्या नियमावलीत काही नसावं. आर्डिस, मागच्या खिडकीतून माउंडवर काय दिसतंय?

(आर्डिस : "दोघं गुडघ्यांवर आहेत." फादर ओबिन्ना : "प्रार्थना करतायत?" आर्डिस : "नाही हो फादर. पट्टी उपटतायत. नॉर्बर्टनं चांगली पँट घातलीय आणि लिअँडर त्याला ओरडतोय." थोड्या वेळानं : "मोठ्यानं ओरडतोय.")

मोठ्यानं? लिअँडर? मग ते काही आज घरी परतत नाहीत. आणि उद्याही नाहीत, कारण पट्टी सरळ बसली की सगळ्या संघाचे पाय पुन्हा सरळ करावे लागतील. तज्ज्ञाला आपण नम्रपणे कळवू, की गोळे घेऊन यायला हरकत नाही, फक्त आधी लिअँडर यांना विचारून यावं.

समारोप करतो. फादर, तुमच्या तळघरासाठी आभार. स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार, कॉफी गरम ठेवा, मंडळी चिखलानं माखून येणार आहेत. मंडळाचे आभार, त्यांनी हा निरोप घडवून आणला नसता तर या माणसाला ठेवून घ्यायचं आपल्याला सुचलंच नसतं. माझ्या तोंडून अधिकउणं गेलं असेल, आणि ते गेलंच आहे, तर ज्याला लागलं त्यानं मला उद्या शाळेत गाठावं. मी तिथेच असेन आणि ऐकून घेईन. आता जेवून घ्या. पण केक कापायच्या आधी क्षणभर थांबा. त्यावर 'लिअँडर, आता घरी बस' असं साखरेनं लिहिलंय, आणि आर्डिस सुरी घेऊन ती अक्षरं खरवडायला निघाल्या आहेत. त्यांना जरा वाट द्या.