बाईंचं तेल मी ताजं ठेवलं

...आणि वर बाई मलाच विचारतात, ‘काका, तुम्ही हात लावलातच का?’ अहो, का म्हणजे? काळजी घ्या म्हणालात, मी घेतली! एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत बाटल्या धुतोय मी, एकीचा टवका उडालेला दाखवा!

तुम्हाला सांगतो, आमच्या बाई तेलावर संशोधन करतात. साधं सूर्यफुलाचं, खायचं तेल. चोवीस बाटल्या, बारा खिडकीत उन्हाला, बारा कपाटात अंधारात. दर महिन्याला थोडं तेल काढायचं, नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं, रंग उडाला की आकडा वहीत. डबा उभ्याउभ्या खाते हो पोर! माझ्या धाकटीच्या वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘काका, वर्षभर या बाटल्यांची काळजी घ्या हं, माझी पदवी आहे यात.’ पदवी... तेलात! पण म्हटलं, असेल. आपण कुठे शिकलोय?

तर चौथ्या महिन्यात खिडकीतल्या बाटल्या पुसत होतो, एकीचं बूच सैल होतं, आणि... वास! खवट! नाकाला झोंबला. नासलं पोरीचं तेल! आता बाईंचे मार्गदर्शक, आमचे मोठे साहेब, काय सोडतात? ‘हे काय? साधं तेल सांभाळता येत नाही तुम्हाला?’ भर खोलीत, सगळ्यांसमोर. मग मी काय करावं, तुम्हीच सांगा! घरून तेच तेल आणलं, बाराच्या बारा बाटल्या रित्या केल्या, गरम पाण्याने घासल्या, वाळवल्या, ताजं तेल बरोब्बर रेघेपर्यंत भरलं. पुढे दर महिन्याला, तपासणीच्या आदल्या दिवशी, न चुकता. कुणापाशी बोललो नाही. चांगलं काम गाजवायचं असतं का? काळजी घ्या म्हणाल्या, मी घेतली!

झालं! बाईंचे आकडे धपकन खाली. ‘काका, उन्हातलं तेल अंधारातल्यापेक्षा ताजं कसं हो?’ मी मनात खूश. त्यांनी औषधं बदलली, नळी बदलली, चष्मासुद्धा बदलला! तिकडे साहेब नाचताहेत, ‘शोध आहे हा, शोध! ऊन तेल टिकवतं!’ दहा ठिकाणी फोन. आणि बाई? बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या, नळ सोडलेला, खांदे हलताहेत. ‘माझंच काहीतरी चुकतंय, काका. आठ महिने गेले. सोडूनच देते आता.’

मला राहवेना. म्हटलं, ‘रडू नका बाई, तेल ताजंच राहील. मी आहे ना. मी बदलतो.’

‘काय बदलता?’

‘...तेल.’

अहो, त्या मटकन खालीच बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. ‘काका, ते खराबच व्हायला हवं होतं हो! किती दिवसांत खवट होतं, तेच तर शोधत होते मी!’

आता याला काय म्हणायचं? खराब होऊ द्यायचं, त्याला काळजी म्हणतात? तसं सांगायचं ना, ‘काका, दुर्लक्ष करा!’ केलं असतं!

पण पोर गुणाची. साहेबांसमोर उभी राहिली, ‘चूक माझी, सर. मी नीट समजावून सांगितलं नाही,’ म्हणाली. माझं नाव नाही घेतलं हो. मी दाराआड उभा होतो, जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. साहेबांनी मुदत दिली तीन महिने. एक दिवस जास्त नाही. नव्या बाटल्या, नवं तेल, तीच खिडकी. आणि खवट व्हायला लागतात चार! हे जगात एकट्या मला ठाऊक. म्हटलं, ‘बाई, लिहून टाका चौथा महिना, मी स्वतः वास घेतलाय. हवं तर खाली अंगठा देतो.’

‘काका, वहीत आकडा लागतो. नाक चालत नाही.’

परवा शेवटची तपासणी आहे. रोज सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी विचारतात, ‘काका, येतोय का काही वास?’ मी बूच काढतो, डोळे मिटतो, छातीभर श्वास घेतो... काल ताजं. आज ताजं. ‘ताजं आहे बाई,’ म्हणताना मान वर होत नाही. तेल नासत नाही म्हणून रडणारा म्हातारा पाहिलाय कधी?

...मग पाहून घ्या.