संत्रा तोडणाऱ्या बायांची गाणी

काटोलची बस सुटायला अवकाश होता. उन्मेष खिडकीशी डोळे मिटून बसला होता, पण मागच्या सीटवरच्या बापलेकीचं बोलणं काही केल्या कानाआड होईना.

"एवढे वर्षं तू संत्रा तोडणाऱ्या बायांचे गाणे जमवले. मंग सरानं विषय काहून बाद केला?"

"त्याच गाण्यांवर पीएचडी झाली आहे, बाबा. मी शाळेतही नव्हती तेव्हा."

"मंग तुले आधी दिसली कशी नाही वं?"

"मी गूगलवरच पाहून राहिली होती. लायब्ररीचा डेटाबेस वेगळा असते, तो तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडते. त्यातलं गूगलले दिसत नाही. मले वाटलं, गूगलवर नाही म्हणजे कुठंच नाही."

"घ्या! मी तर गावभर सांगून बसलो, पोरीच्या आधी हे कोणीच केलं नाही म्हणून."

"बाबा, त्या प्रबंधात आजीचे गाणे आहेत. नाव सिंधूताई, गाव आपलंच."

"मायचे? माय कुठं गात होती!"

"मी विचारलं तेव्हाही तुम्ही हेच म्हणाले होते."

मागची सीट करकरली; बाप लेकीकडे वळला असावा.

"वाचून दाखव ना मले."

"कसं दाखवू? विषयासोबत माझी नोंदणीही रद्द झाली. लायब्ररीचं कार्ड आजच जमा करून घेतलं."

"मंग गूगलवरच पाह्य ना. मायचं नाव, गाव, संत्रा, गाणे, सारं टाक. एखादं तरी असंन."

"टाकलं, बाबा."

"काय आलं?"

"संत्र्याचे भाव."