माझं थोबाड घराघरात

अहो, फोनचा कॅमेरा उलटा फिरला म्हणून काय फाशी देता माणसाला? हसू नका! माझी काय चूक, तुम्हीच सांगा!

पोरगी माझी पळते. चारशे मीटर. आईवर गेलीय... आई फक्त माझ्याच अंगावर धावून येते, ते सोडा. तर मागच्या स्पर्धेत पोरगी पहिली आली, आणि बघायला कोण? मी, आणि बाकाखाली एक कुत्रं. तेही झोपलेलं! घरी येऊन म्हणते, "बाबा, कुणी बघतच नाही, तर पळू कशाला? बूट देऊन टाका कुणालातरी." काळजात चर्र झालं हो! तसाच उठलो आणि खेळाच्या मास्तरांचं टेबल बडवलं.

मास्तर फोनमधून डोकं काढेनात. "काका, शाळेचं पेज काढू, शर्यत लाइव्ह दाखवू! शाळेचा अभिमान जागा होईल, खेळाची गोडी लागेल, मैदान भरेल!" म्हटलं, घरबसल्या दिसल्यावर मैदानात कोण येतंय, तुमचा मेव्हणा? "काका, तुम्ही फोन धरा. एकच करायचं, हलायचं नाही आणि बोलायचं नाही." एक म्हणायचं आणि दोन सांगायचं! यात माझी काय चूक?

शिट्टी वाजली. पोरगी तिसरी! मग मी काय खांबासारखा उभा राहू? "अगं पळ! ढोपरं उचल! पेंगतेस काय भवाने!" ती रेषेच्या आत, मी बाहेर, फोन हातात, एक चप्पल मागे राहिलेली... शेवटच्या वळणावर तिनं दोघींना मागे टाकलं आणि मी रडलो. हो, रडलो! पहिली आली पोरगी!

तेवढ्यात मास्तर बोंबलत आले. "काका, कॅमेरा तुमच्याकडे फिरलाय!"

अंगठा कुठेतरी लागला असणार. घराघरात शर्यत दिसलीच नाही, दिसल्या माझ्या नाकपुड्या! माझ्या मेव्हण्याचा लगेच फोन, "दाजी, मागची दाढ किडलीय, दाखवून घ्या." आता दाढ किडली, यातही माझी चूक?

पण तो व्हिडिओ पसरला की हो वणव्यासारखा! पुढच्या शर्यतीला मैदानात पाय ठेवायला जागा नाही. पोरं भिंतीवर, बाया बाकांवर, पुठ्ठ्यांवर माझं रडकं थोबाड चिकटवलेलं, आणि अख्खी शाळा एका सुरात, "ढोपरं उचल!" पोरगी अशी पळाली, अशी पळाली, की मास्तर घड्याळ दाबायलाच विसरले!

मी छाती फुगवून उभा. तर पोरगी धापा टाकत आली. म्हणते, "बाबा, आता सगळे येतात. तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघितलं की हसू फुटतं, आणि हसताना पळता येत नाही."

घ्या! ज्यानं मैदान भरलं, तोच बाहेर!

आता घरी बसतो, फोनवर बघतो. फोन मास्तर धरतात. अर्धी शर्यत त्यांचा अंगठाच दिसतो... काय करता? त्यालाच लाइक ठोकतो.