स्थिती समाधानकारक

(वॉर्ड ऑफिस, पहिला मजला. एकोणतीस मार्च, दुपारचे तीन. गिरणी संपाला बारा वर्षं झाली आहेत. टेबलामागे हेडक्लार्क कुशाबा. समोर डिलाईल रोडच्या एका चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी रघू आणि त्याच्याच मजल्यावरची मालन.)

कुशाबा : ...आणि शेवटी लिवलंय, ‘प्रवेशद्वारी रांगोळी आढळली.’ सव्वीस वर्सं झाली मला या खुर्चीत. संडासाच्या रिपोर्टात रांगोळी पयल्यांदा वाचतोय. कुणी काढली?

रघू : ते सोडा हो साहेब. मुद्दा असा आहे की...

कुशाबा : मुद्दा हाच हाय. चाळीमागचा पालिकेचा संडास पडायला आलाय, ही तक्रार कुणाची? तुमची. सत्तर सह्या. नगरसेवकांनी आपल्या निधीतनं पैसे धरले. गेल्या मंगळवारी इंजिनियरसाहेब बघायला आले. त्यांना काय दिसलं? पांढराशुभ्र चुना, दारांना हिरवा रंग, फिनेल, डांबरगोळ्या आणि रांगोळी. त्यांनी लिवलं, ‘स्थिती समाधानकारक. तूर्त दुरुस्तीची आवश्यकता नाही.’ दुसरं काय लिवणार माणूस?

मालन : मी यांना बोललेले.

रघू : काय बोललेलात वहिनी? चुना कालवायला बादली कोणाची होती?

मालन : बादली माझी. अक्कल तुमची.

कुशाबा : पण केलंत कशासाठी? तक्रार घाणीची, आणि घाणच गायब.

रघू : साहेब, मी मिलच्या स्पिनिंग खात्यात लाईन जॉबर होतो, मुकादमच म्हणा. अठरा वर्षं. मॅनेजर राऊंडला येणार म्हटलं की आदल्या पाळीला खातं झाडायचं, मशीनखालचा कापूस काढायचा, तेलाचे डाग पुसायचे. ज्याची लाईन घाण, त्याला मेमो. आता मिल नाही, मॅनेजर नाही, पण साहेब येणार असा शब्द कानावर पडला ना, की हात आपोआप झाडू शोधतो. आमच्या चाळीत सगळेच तसले. मी एकट्याला हाक मारली आणि बारा जण खाली आले.

कुशाबा : मॅनेजरला घाण बघायची नसायची, जॉबरसाहेब. आमच्या साहेबांना तीच बघायची असते. त्यांचा पगारच तिच्यावर.

रघू : ते आत्ता समजतंय.

मालन : भेगेचं सांगा ना. ती पण बुजवली म्हणून.

रघू : मागच्या भिंतीला भेग होती साहेब. वरपासून खालपर्यंत, हाताचा पंजा जाईल एवढी. पाहुण्याला कशाला दाखवायची, म्हणून सिमेंट भरलं. वरून दोन हात चुना.

मालन : स्वतःच्या खोलीचं एवढं नीट काम केलं नाही कधी. बायको त्यांची रडते.

कुशाबा : आणि स्लॅब?

रघू : सळया दिसत होत्या. तिथेपण गिलावा मारला.

कुशाबा : वा. म्हंजे आमच्या साहेबांनी बघितलं ते पालिकेचं बांधकाम नव्हतंच. तुमचं होतं. त्याला समाधानकारक म्हणाले, म्हंजे तुमचंच कौतुक झालं.

मालन : साहेब, चेष्टा नंतर करा. माझी मीनाक्षी आलीय पहिल्या बाळंतपणाला. नववा लागलाय. पोर पाणी पीत नाही.

कुशाबा : पीत नाही म्हंजे?

मालन : प्यायलं की जावं लागतं. परवा ती आत असताना वरून गिलावा पडला तिच्या खांद्यावर, बशीएवढा. रंगासकट पडला. तेव्हापासून सकाळी एकदा जाते, मी दार धरून उभी. मग दिवसभर ओठ ओले करते नुसते. हॉस्पिटलातली डॉक्टरीण मला सगळ्यांदेखत बोलली, आजी होणार आणि पोरीला पाणी देता येत नाही तुम्हाला? पाय सुजलेत, लघवीला जळजळ. काय सांगायचं तिला? आमच्याकडे संडासाला रंग दिलाय म्हणून पाणी बंद आहे?

कुशाबा : बसा. उभ्या नका राहू. रघुशेठ, ते स्टूल ओढा त्यांच्यासाठी.

रघू : साहेब, पैसे अजून आहेत ना?

कुशाबा : पैसे आहेत. पण पैसे कसे असतात ते ऐका. नगरसेवकाला वर्साला ठरलेला निधी. त्यानं पत्र द्यायचं, अमुक काम करा. इंजिनियरनं जागा बघायची, खर्चाचा अंदाज काढायचा. मग मंजुरी, मग कंत्राटदाराला वर्क ऑर्डर. सगळं एकतीस मार्चच्या आत. एक तारखेला जे उरलं ते परत तिजोरीत, आणि पेपरात छापून येतं की अमक्यानं निधी वापरला नाही. नगरसेवक मतदाराला भीत नाही एवढा त्या बातमीला भितो. त्यामुळं तुमचा संडास समाधानकारक निघाला त्याच दिवशी त्यांचं दुसरं पत्र आलं. चौकात स्वागत कमान.

मालन : कोणाचं स्वागत?

कुशाबा : जो येईल त्याचं. कमानीवर नाव कोरता येतं, बाई. संडासावर नाव घालून घ्यायला आजपर्यंत कुणी पुढं आलेला नाही.

रघू : काल तिचीच मापं घ्यायला आली होती माणसं. तेव्हा आम्हाला कळलं.

कुशाबा : कमानीची फाईल उद्या दुपारी सहीला जाणार. ही बघा, कोपराखाली. चार दिवस इथंच हाय. साहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा चहा मागवला.

मालन : का ठेवलीत?

कुशाबा : रांगोळी वाचली म्हणून. म्हटलं, संडासापुढं रांगोळी काढणारं माणूस एक दिवस वर येणारच, आणि आल्यावर वाद घालणार. सहा दिवस लावलेत.

रघू : मग सोपं आहे ना. आज अंधार पडला की मी आणि चाळीतला धर्मा पहार घेऊन जातो. सिमेंट उकरून टाकतो. भेग होती तशी परत...

कुशाबा : हे मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर सांगितलं असतं, की साहेबांनी समाधानकारक लिवलेली भिंत आठवड्यात फुटली तर तिला भेग म्हणत नाहीत, तोडफोड म्हणतात. ती फाईल माझ्याकडं येत नाही. पोलीस चौकीत जाते.

मालन : गप ऱ्हवा रघुभाऊ. आता तुमच्या हाताला काम नको.

रघू : मग करू काय? गप बसलो तरी माझंच नाव घेतात चाळीत. कालपासून नळावर बायका मला बघून भांडी आपटतात.

कुशाबा : एक रस्ता हाय. फेरपाहणी. पण साहेब चुकले असं साहेब कधी लिवणार नाहीत. तेव्हा तुम्ही लिवायचं, की साहेब बरोबर, आम्ही झाकलं. ‘मागील भिंतीची भेग व स्लॅबची पडझड कमिटीने परवानगी न घेता स्वतः बुजवली, सबब पाहणीत दिसून आली नाही.’ खाली सेक्रेटरीची सही. मी आत जाऊन साहेबांना देतो. ते आज पाचला येतील, हातोडीनं ठोकून बघतील, पोकळ वाजेल. ‘धोकादायक’ लिवतील. धोकादायक म्हटलं की तातडीचं काम. टेंडर लागत नाही, अंदाजपत्रक तयारच हाय. नगरसेवकाला मतलब निधी खर्च झाल्याशी. परवा ऑर्डर. कमान पुढच्या वर्सी.

रघू : ‘परवानगी न घेता’ हे घालायलाच पाहिजे?

कुशाबा : घेतली होती?

रघू : नाही.

कुशाबा : मग घालूया.

रघू : दंड होईल का? केस?

कुशाबा : होऊ शकतो. मी बघितलंय तेवढ्यात झालेला नाही. पण मी सगळं बघितलंय असं नाही.

रघू : मी एका बिल्डिंगला वॉचमन आहे साहेब. एजन्सीवाला दरसाल पोलिसाचा दाखला मागतो. एक कागद वाकडा गेला की तोच पगार दुसऱ्याला. आणि कागद म्हटला ना, की मी चार पावलं मागे सरतो. संपात मिलवाल्यांनी कागद पुढे केला, परत संपावर जाणार नाही असं लिहून द्या. मी सही केली नाही, नोकरी गेली. बाजूच्या बुधाजीने केली, दोन वर्षांनी त्याची मिलच बंद पडली, त्याची पण गेली. मग सही करायची की नाही करायची, हे कळायचं कसं माणसाला?

कुशाबा : एकदा न करून बघितलीत. आता करून बघा.

मालन : थांबा जरा. धोकादायक लिहिलं की लगेच काम सुरू?

कुशाबा : तुम्ही बरोबर जागी थांबलात, बाई. धोकादायक लिवलं की आधी कुलूप.

मालन : कुलूप कशाला?

कुशाबा : धोकादायक जागेत माणूस सोडता येत नाही. उद्या सकाळी आमचा माणूस येऊन सील करणार. मग पाडणार, मग बांधणार. तीन महिने. मधी पाऊस लागला तर पाच.

मालन : आणि तोपर्यंत आम्ही जायचं कुठे?

कुशाबा : फॉर्ममध्ये तसला रकाना नाही.

रघू : ती फिरती गाडी असते ना, संडासाची?

कुशाबा : दोन आहेत. एकीचं चाक गेलंय. दुसरी कुठल्या तरी मेळाव्याला गेलीय, ती तिथनं परत येत नाही. लोकांना आवडली असेल.

मालन : पुलापलीकडे आहे एक. पैसे देऊन. जायला वीस मिनिटं, मध्ये दोन रस्ते, गाड्या थांबत नाहीत. भरल्या दिवसांची पोर दिवसातून किती वेळा नेऊ? वीस एप्रिलची तारीख दिलीय तिला. तीन आठवडे थांबला असता पैसा तर काय झालं असतं?

कुशाबा : पैशाला पोटुशी बाई कळत नाही. त्याला एकच तारीख कळते.

मालन : मग पुढच्या वर्षी करू अर्ज.

कुशाबा : करा. अर्जाला आधीचा पाहणी अहवाल जोडावा लागतो. म्हंजे हाच. ‘स्थिती समाधानकारक.’ तो वाचून वरचा माणूस अर्ज बाजूला ठेवणार. तोपर्यंत स्लॅब कुणासाठी थांबला, तर थांबला.

रघू : वहिनी, तुम्ही बोला. तुम्ही नको म्हणालात तर मी सही करत नाही. चाळीत सांगेन, मी भ्यालो. ते कोणालाही पटेल.

मालन : तुम्ही नका चांगुलपणा दाखवू हो मध्येच. मला विचार करू द्या.

कुशाबा : करा. पण साहेब चारला बाहेर पडतात. साडेतीन झाले.

मालन : आमच्या चाळीतल्या शेवंताची धाकटी एकटीच जाते. सहा वर्षांची. दार आतून लावून गाणं म्हणते, म्हणजे बाहेर कळतं आत कोणीतरी आहे. माझ्या पोरीला मी नेईन कुठेतरी, उचलून नेईन. त्या शंभर बायकापोरींवर मी दार धरून उभी नाही राहू शकत.

रघू : म्हणजे करू?

मालन : लिहा साहेब. पण नुसतं ‘कमिटीने’ नको. त्यांचं नाव लिहा आणि माझंपण. चुना मी कालवला. रांगोळी मीच काढली.

कुशाबा : रांगोळीला परवानगी लागत नाही, बाई.

मालन : तरी लिहा. त्यांना एकट्याला दाखल्यात अडकवायचं नाही. का काढली विचाराल तर मला पण माहीत नाही. ते दार तसं स्वच्छ कधी दिसलंच नव्हतं. हात गेला.

रघू : वहिनी, कशाला उगाच...

मालन : तुम्ही सही करा आधी. पेन धरा नीट. नांगर नाही तो.

कुशाबा : इथं. आणि तारीख घाला. झालं. बाई, तुम्ही अंगठा का सही?

मालन : सही. सातवी झालेय मी.

कुशाबा : चांगलं अक्षर हाय. आमच्या साहेबांपेक्षा बरं. आता दोघंही सरळ घरी जा. पाचला साहेब आले की समोर उभे राहा, चहा विचारू नका, काही पुसू नका. बारा जणांना सांगून ठेवा, झाडूला हात लावायचा नाही.

रघू : नाही लावणार.

कुशाबा : शपथ घ्या पाहिजे तर.

मालन : कुलूपवाला किती वाजता येईल उद्या?

कुशाबा : अकराच्या आसपास. आधी चहा पितो.

मालन : म्हणजे सकाळचं सगळ्यांचं उरकेल. साहेब, या ऑफिसात बायकांसाठी आहे?

कुशाबा : हाय. जिन्याखाली. स्टाफसाठी.

मालन : चावी?

कुशाबा : शिपायाकडं. तो मला विचारून देतो.

मालन : इथून आमची चाळ पाच मिनिटांवर. मधला रस्ता एकच, त्यावर हवालदार असतो. फाईलीचं काय झालं, हे विचारायला माणूस रोज येऊ शकतो ना?

कुशाबा : रोज येऊ शकतो. बाहेर बाकडं हाय, पंखा हाय. चौकशीला आलेल्या नागरिकाला मला उठवता येत नाही. दोघी असल्या तरी.

रघू : तीन महिने चौकशी करणार वहिनी?

मालन : वीस एप्रिलपर्यंत. ऑफिस बंद किती वाजता होतं साहेब?

कुशाबा : साडेपाच. शनिवारी अर्धा दिवस. रविवारी बंद.

मालन : साडेपाचपर्यंतचं झालं. चला रघुभाऊ, बाकीचं चालता चालता बघू.