ज्याची पावलं त्यानं मोजावी

माझं नाव दामोदर, पन त्या नावानं आता कोनी हाक मारीत नाय, शाळेत सत्तावीस वर्षं शिपाई होतो म्हनून सगळ्यांचा मामाच झालो. मूळ आमचं उमेळ्याचं. थोडं भातशेत, नि बाप मिठागरावर कामाला, आई पन, मी पन कळायला लागल्यापासनं. मिठागरात चप्पल चालत नाय ताई, अनवानीच राहायचं, त्यानं पाय असे फताडे झाले, बघा, आजपन दुकानात माझ्या मापाची चप्पल मिळत नाय. हे पाय लक्षात ठेवा, पुढं लागनार हायत. तर मिठागराच्या बांधाला पानी घ्यायला मधेमधे तोंड ठेवलेलं असतं, ते आम्ही पोरं उडी मारून ओलांडायचो, डोक्यावर टोपली असली तरी, आनि पडलं तर खरचटल्यात मीठ जायचं म्हनून पडायचंच नाय, एवढंच माझं पहिलं ट्रेनिंग.

शाळेत लागलो तेव्हा पीटीचे जुने सर होते, त्यांनी एकदा मला गटार ओलांडताना बघितलं नि बोलले, दामू, परत मार. मी मारली. बोलले, परत मार. असं करीत लांब उडी शिकवली, तिहेरी उडी शिकवली, वयानं मी स्पर्धेतनं बाद, पन डोक्यात सगळं बसलं. ते रिटायर झाले, नवीन सर आले ते क्रिकेटवाले, त्यांना रेतीत उतरायचा कंटाळा, मंग उड्या माझ्याकडं आल्या. कागदावर सर, मैदानात मामा. सरांनापन बरं नि मलापन.

सकाळी शाळा उघडायच्या आधी खड्डा खनायचा, कारन रेती खाडीची, खारट, दव पिऊन घट्ट बसते, तशीच ठेवली तर पोराचं कंबरडं मोडेल. तिहेरी उडी म्हंजे काय, लंगडी, ढांग, उडी. फळीवरनं ज्या पायानं उडालास त्याच पायावर पड, ती लंगडी, मंग पाय बदलून ढांग, मंग दोन्ही पाय रेतीत. पोरं काय करतात, लंगडीतच सगळा जोर काढतात, नि ढांगेला पाय उचलत नाय. मी बोलायचो, अरे लग्नाच्या पंगतीत भातावरच पोट भरलंस तर लाडू कुटं ठेवशील? नि उडताना खाली बघायचं नाय, समोरच्या ताडाच्या शेंड्याकडं बघायचं. तो ताड आता नाय, तिथं बिल्डिंग झाली, मंग मी तिसऱ्या माळ्याची गॅलरी दाखवायला लागलो, तर तिथली बाई भांडायला आली, तुमची पोरं रोज आमच्या घरात काय बघतात. असो, काय सांगत होतो, जसिंताचं.

जसिंता सांडोरची, नव्वद सालानंतरची गोष्ट, नववीत होती. बाप बावतीस, त्यांची केळीची नि भाजीची वाडी, पाट ओलांडून ओलांडून पोरीचे पाय तयारच होते. पन बापानं सांगून ठेवलेलं, या वर्षी जिल्ह्यातनं पुढं गेलीस तर खेळ, नाय तर पुरे, सकाळी वाडीत मानूस लागतं. तेव्हा आमचा जिल्हा ठाना. पहिल्या दोघी पुढं जायच्या. तिहेरी उडीत तिच्यासारखी पोर मी बघितली नव्हती.

आता बघा, धाव कुटनं सुरू करायची हे ठरलेलं लागतं, तरच पाय बरोबर फळीवर पडतो. पाय फळीच्या पुढं गेला की लाल बावटा, उडी बाद. आमच्याकडं टेप कुटला, मी फळीपासनं टाचेला बोट लावून पावलं मोजायचो, जसिंताची नव्वद, नि तिथं तिची चप्पल ठेवायचो. रोज मीच मोजायचो. स्पर्धेच्या दिवशी शाळेत खालच्या वर्गांची परीक्षा, दुसरा शिपाई आजारी, घंटा कोन देनार? मोठ्या बाई बोलल्या, दामू, तुला सोडता येनार नाय. मी जसिंताला बोललो, नव्वद मोज, चप्पल ठेव, देवाचं नाव घे नि धाव.

संध्याकाळी सर आले, बोलले, तिसरी आली. पहिल्या दोन उड्यांना लाल बावटा, तिसऱ्यांदा फळीच्या मागनंच घाबरत उडाली, चार बोटं कमी पडली. मला राग आला, काय सांगू तुम्हाला, मी त्या पोरीला सगळ्यांसमोर बोललो, भ्यायलीस, मी नव्हतो तर भ्यायलीस. दुसऱ्या दिवशी मी खड्डा खनत होतो तर ती येऊन उभी राहिली, रेतीत माझा पाय उमटलेला, त्याच्या बाजूला तिनं आपला पाय ठेवला नि विचारलं, मामा, नव्वद माझी की तुमची?

तिनं नव्वदच मोजली होती, तिच्या एवढ्याशा पायांनी, म्हंजे चांगली तीन धावती पावलं कमी, फळी अगोदरच येनार. पोर खोटी नव्हती, माझं माप खोटं होतं. वर मीच तिला भित्री बोललो. एवढी लाज मला जन्मात वाटली नाय.

सांडोरला गेलो. बावतीस वाडीत, मी बोललो, दादा, चूक माझी, पोरीला शिक्षा नको. ते बोलले, मामा, चूक कोनाची का असेना, काम तर माझंच राहतं ना? मंग मी पाटापासनं विहिरीपर्यंत मोजून दाखवलं, माझी चाळीस, नि जसिंताला बोललो, मोज, तिची पन्नास झाली. बावतीस हसले नि बोलले, केळी लावताना मी पन पावलांनीच मोजतो, पन गड्याला मोजू देत नाय. एक वर्ष देतो. बस, एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी दुसरी आली. विभागाला गेली तिथं मागं पडली, तिथल्या पोरी मोठ्या होत्या. पन खेळ सुटला नाय, आता ती स्वतः शाळेत पीटीची टीचर हाय.

त्या दिवसापासनं मी कोनाची धाव मोजली नाय. ज्याची त्यानं मोजायची, भिंतीवर नावापुढं आकडा लिहायचा, नि मजा बघा, पोराचा पाय वाढला की आकडा उतरतो. धाव वाढली तर परत चढतो, ते वेगळं.

आता रिटायर झालो, गुडघे धरतात, तरी रविवारी मैदानात जाऊन बसतो. मागच्या रविवारी जसिंता तिच्या पोरीला घेऊन आली, सहा वर्षांची. पोर टाचेला बोट लावून मोजायला लागली, शंभर झाली, एकशेदहा झाली, मधेच थांबली नि मला बोलली, मामा, तुम्ही मोजा ना. जसिंता माझ्याकडं बघून हसली. मी बोललो, नाय बाळा, तुझीच मोज, घाई नाय, पाय वाढेल. देव तिला मोठे पाय देवो. माझी पावलं आता घरी जायच्या कामाची, तेवढी पुरतात.