आप्पांचं ‘श्री’ आणि माझी रांगोळी

…आणि वर मलाच विचारतात, "घाबरलास कशाला एवढा?" कशाला म्हणजे? तुम्हाला सांगतो, तीनशे चाळीस ट्रॅक्टर गेटवर उभे, मुहूर्त नऊ वाजून एकवीस मिनिटांचा, बोर्ड कोरा, आणि ज्या पोराने तो बोर्ड चालवायचा तो पोरगा, म्हणजे मी, ओझरच्या पुढे काळी-पिवळीत, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर झेंडूच्या माळा, माळांवर पाच किलो पेढे! आणि घाबरू नको? मग काय करू, हार घालून घेऊ?

थांबा, नीट सांगतो. नाहीतर तुम्ही पण आमच्या पप्पांसारखे म्हणाल, "इंजिनिअरिंग पूर्ण केलं असतं तर ही वेळ आली नसती." पप्पा रिटायर्ड मुख्याध्यापक. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, त्याला आता तीन वर्षं झाली, पण पप्पांनी अजून सोडलेलं नाही. रोज सकाळी चहाच्या कपात बघून म्हणतात, "नवनाथ, काही नाही जमलं तर गावी जाऊन साठवलेल्या कांद्याची चाळ राखत बस." मग त्यांनीच चांदवडच्या मल्हारी आप्पांच्या हातापाया पडून मला नोकरी लावली. आप्पांचा स्वतःचा खाजगी कांदा बाजार आहे, हायवेला लागून. आप्पा एकाहत्तर वर्षांचे. धोतर नाही, सफारी. आवाज असा, की लिलावाला माईक लागत नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मास्तरांचा शब्द म्हणून घेतलं तुला. काय चुकलं तर दुसरी संधी नाय, सरळ घरी." आणि घरी कोण? घरी पप्पा! म्हणजे बघा, इकडे आड, तिकडे मुख्याध्यापक.

माझं काम काय, तर गेटवरचा मोठा बोर्ड. कुठल्या नंबरची गाडी लिलावाच्या कुठल्या ओट्यावर लावायची, ते त्याच्यावर लागतं. पूर्वी एक माणूस शिट्टी मारायचा, रोज दोन भांडणं व्हायची, एकदा तर शिट्टीच गिळली म्हणे. आता बोर्ड. पण बोर्डाला अक्कल देणारी जी फाईल आहे, चारशे बारा ओळींची, ती चांदवडला नसते. ती असते पुण्यातल्या एका मशीनमध्ये, तिथूनच बोर्ड चालतो. मग मी ती उघडतो कशी? तर माझ्याकडे लिहायचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्यात डाव्या बाजूला पुण्याचे सगळे कप्पे असे उभे दिसतात, जसे काही आपल्याच कपाटातले. क्लिक केलं की फाईल उघडते. वाटतं, आपल्याच टेबलावर आहे. नाही! तुम्ही इथे एक अक्षर मारून सेव्ह केलंत, की ते अक्षर पुण्यात उमटतं. त्याच मिनिटाला. दिसतं इथं, असतं तिथं!

आता हे माझ्यापुरतं ठेवायचं ना? पण आप्पा रोज कुरकुरायचे, "कारभार माझा, जागा माझी, अन् कागद पुण्याला? माझ्या हातात काय हाय मग?" मला पण जरा मिरवायची हौस आली. मी गाढव! मी त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर लावलं, पासवर्ड टाकून ठेवला, म्हटलं, बघा आप्पा. आप्पांनी चष्मा वर केला, खाली केला.

"म्हंजी आता समदं इथं आलं?"

"नाही आप्पा. दिसतं इथं, असतं तिथं."

आप्पांनी स्क्रीनला बोट लावून बघितलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "देवासारखं?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "हो, तसंच समजा." …समजा! अरे, कोणी मला तेव्हाच जोड्याने मारलं असतं तर!

कारण मल्हारी आप्पांचा नियम काय आहे माहितीये? कुठलाही कागद ‘श्री’शिवाय सुरू करायचा नाही. पावतीपुस्तकावर श्री, वजनकाट्यावर श्री, पाण्याच्या टाकीवर श्री. नातवाच्या गणिताच्या पेपरात पहिल्या पानावर श्री नाही म्हणून शाळेत जाऊन आलेला माणूस हा! आणि यंदा नव्या लाल कांद्याचा मुहूर्त. मला सकाळीच नाशिकला पिटाळलं, "हार अन् पेढे तिकडूनच आण, इकडचे पेढे पाहुण्यांना द्यायच्या लायकीचे नसत्यात." मी गेलो. इकडे आप्पांनी पूजा मांडली. काट्याची पूजा, मोटारीची पूजा, मग केबिनमध्ये येऊन कॉम्प्युटरची पूजा. हळद-कुंकू, अक्षता कीबोर्डवर. समोर बोर्डाची फाईल उघडीच, मीच उघडी ठेवलेली. आप्पांनी पाहिलं, पहिली ओळ… आणि वर श्री नाही!

त्यांना मराठी टाइप करायला कोणी शिकवलं? मी. निमंत्रणपत्रिकेसाठी. एकेक बोट उचलत, पहिल्या ओळीच्या वर, ठसठशीत: ॥ श्री मल्हारी प्रसन्न ॥. सेव्ह.

तिकडे पुण्यात मशीनने फाईल वाचायला घेतली, पहिल्याच ओळीला मल्हारी प्रसन्न, मशीनला काय कळतंय, त्याला वाटलं हा हुकूम आहे, हा हुकूम आपल्याला पाळता येत नाही, आणि बसलं की गप! बोर्ड काळा ठिक्कर.

ओझर सोडलं आणि रोहिणीचा फोन. रोहिणी गेटवर टोकन देते. घाबरणारी पोरगी नाही ती, ट्रॅक्टरवाल्याच्या चाव्या काढून घेते. पण आवाज असा, "नवनाथ… बोर्ड गेला रे. लोक खाली उतरायला लागलेत." लोक खाली उतरणं म्हणजे काय, तुम्हाला कळत नसेल तर कांदा बाजारात एकदा या. पहाटे चारपासून रांगेत बसलेला माणूस ट्रॅक्टरवरून खाली उतरला, की तो पुन्हा वर चढायला उतरलेला नसतो!

मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं, फाईल उघडतोय, तर गोल फिरतोय. फिरतोय… फिरतोय… शेजारी एक म्हातारी, कुसाबाई नावाची, वडाळीभोईला लेकीकडे निघालेली. तिने आपणहून पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेतला आणि स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणते, "का रं, चक्कर आली का त्याला?"

म्हटलं, "आजी, मला आलीय."

उघडली फाईल. पहिली ओळ बघतो तर मल्हारी प्रसन्न! मी म्हटलं, देवा माफ कर. ओळ काढली. सेव्ह. रोहिणीचा फोन, "आला, आला बोर्ड!" हुश्श. मी मान मागे टाकली, दोन मिनिटं झाली नसतील, पुन्हा फोन. "गेला!"

बघतो तर पुन्हा श्री! अरे, मी आत्ता काढलं ना? पुन्हा काढलं, सेव्ह. बोर्ड आला. मिनिटाने गेला. पुन्हा श्री! आता मात्र मला कळलं. फाईल एक. इकडून मी उघडलीय, तिकडून आप्पांनी उघडलीय. मी इथे पुसतोय ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुसलं जातंय, आणि ते पुन्हा लिहितायत! दिसतं इथं, असतं तिथं, आणि पुसणारा हात तर कुणालाच दिसत नाही.

फोन लावला. आप्पांनीच उचलला. मी तोंड उघडायच्या आत, "नवनाथ! ह्याच्यात काय तरी शिरलंय! मी श्री लिहितो, आपोआप पुसलं जातंय! माझ्या डोळ्यांसमोर, अक्षर न् अक्षर! मशीन इंग्रजीत काय तरी विचारतंय, एका पाव्हण्यानं वाचून सांगितलं, ‘दुसरी फाईल ठेवू का तुमची ठेवू?’ म्या म्हनलं, दुसरी? दुसरी कुनाची? आपली ती आपली! दाब म्हनलं!"

आयुष्यात पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला. आप्पा घाबरले होते. ज्या माणसाला अख्खा तालुका घाबरतो, तो माणूस घाबरला होता, आणि त्याला घाबरवत कोण होतं? पेढे घेऊन निघालेला मी!

"लिंबू-मिरची बांधलीय कॉम्प्युटरला," आप्पा म्हणाले. "पन तुला सांगतो, मुहूर्ताच्या दिशी श्री पुसनारा मानसाचा हात असंल ना, तर तो हात मी मनगटापासून…"

पुढचं ऐकू आलं नाही. रेंजच गेली, नेटसकट. मी माझ्या मनगटाकडे बघितलं. कुसाबाईनेही बघितलं.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं सांगायचं? "आप्पा, तुमचं श्री मीच काढलं"? आजच्या दिवशी? बारा पाहुणे केबिनमध्ये बसलेत, भटजी बसलेत, तीनशे चाळीस गाड्यांचा मालक-ड्रायव्हर खाली उतरलाय. आणि ही म्हातारी माणसं ऐकतात का हो? "ओळीमुळे मशीन बंद पडतं" म्हटलं की म्हणणार, "आमच्या काळात श्री लिहून काय बंद पडत नव्हतं!" अरे, तुमच्या काळात शिट्टी होती! शिट्टीला काय वाचता येतं? स्वतःला कळत नाही ते देवाच्या नावावर ढकलायचं आणि आम्हाला कळतं ते उद्धटपणाच्या! पण हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडातून नुसतं "आजी, पाणी आहे का" एवढंच निघालं.

नऊ वाजून नऊ मिनिटं. वडाळीभोईच्या अलीकडे नेट परत आलं. श्री ठेवलं तर बोर्ड मरतो, काढलं तर मी मरतो. काढताही येत नाही, ठेवताही येत नाही. आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, भीतीनेच डोकं चाललं. त्या फायलींमध्ये एक खूण असते. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, अशी बारीक जाळी: #. ज्या ओळीच्या पुढे ही जाळी असेल, ती ओळ मशीन वाचतच नाही. नमस्कार करून पुढे जातं म्हणा. मी श्रीला हात लावला नाही. नुसती पुढे एक जाळी टाकली. सेव्ह.

गोल फिरला… फिरला… कुसाबाईने डोळे मिटून हात जोडले, कशाला ते तिलाही माहीत नसेल. झालं सेव्ह!

नऊ एकोणीस. बोर्ड आला. आणि गेला नाही! कारण आप्पांनी बघितलं, श्री जागेवर आहे. मुहूर्त साधला. पहिला ट्रॅक्टर ओट्याला लागला, फोनमधून ताशा ऐकू आला. मी रडलो हो. खरंच रडलो. कुसाबाई म्हणाली, "रडू नको बाबा, पास झाला असशील." आणि बॉक्स उघडून पेढा माझ्या तोंडात घातला, एक स्वतःच्या.

पण अजून संपलं कुठे? बाजारात पोचलो तर रोहिणी म्हणते, "आप्पांनी केबिनमध्ये बोलवलंय. एकट्याला." गेलो. आप्पा स्क्रीनसमोर, बाजूला भटजी. लिंबू-मिरची लटकतेय. बोट त्या जाळीवर.

"हे तू केलं?"

म्हटलं, संपलं. चाळ. कांद्याची चाळ.

"हो आप्पा."

"काय हाय हे?"

चार रेघा. दोन उभ्या, दोन आडव्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रांगोळी, आप्पा. श्रीच्या पुढे रांगोळी नव्हती म्हणून पुसलं जात होतं."

आप्पांनी चष्मा काढला. डोळे पुसले. भटजींकडे वळून म्हणाले, "बघा. शिकल्याली पोरं करत्यात का हे? ह्यानं कॉलेज सोडलं तेच बरं केलं." तिथल्या तिथे पप्पांना फोन, "मास्तर, पोरगं सोनं हाय, आता जलमभर हिथंच!" पप्पा काही बोलले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा काही बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो.

सुटलो! …दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करतोय, अर्ध्या गालाला फेस, रोहिणीचा फोन. "बोर्ड गेला." मी तसाच लॅपटॉप उघडला. फाईल उघडली. आणि तसाच खाली बसलो.

आप्पांना फोन लावला. आप्पा एकदम खुशीत. म्हणाले, "उठलास का? अरे, श्रीच्या पुढं तेवढी रांगोळी, अन् बाकीच्यांनी काय पाप केलं? सकाळी अंघोळ करून बसलो, एकेक करून समद्या ओळींच्या पुढं काढली. चारशे बारा! बोट दुखायला लागलं बघ… पन एक पन मोकळी सोडली नाय!"

म्हटलं, "छान काढलीय आप्पा." नोकरी जन्मभराची आहे हो. बसलोय. पुसतोय एकेक.